गाडीत रिव्हॉल्वर ठेवून आत जावं लागलं तर? (ठाणे-नवी मुंबईच्या परवानाधारकांसाठी, आणि इतरांसाठीही)

शीळफाट्याचा_पंपवाला
सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आज लिहितोय, कारण गेल्या मंगळवारी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही.

घर कोलशेतला, धंदा शीळफाट्याजवळ पेट्रोल पंपाचा. रोजची कॅश बँकेत भरायला मी स्वतः जातो. दोनदा बाइकवाल्यांनी पाठलाग केला तेव्हा रीतसर अर्ज करून परवाना काढला. बत्तीस बोअरचं कानपूर बनावटीचं रिव्हॉल्वर आहे. देवाच्या कृपेने कधी बाहेर काढायची वेळ आलेली नाही.

मंगळवारी कॅश भरून बँकेतून निघालो आणि बायकोचा फोन. वडिलांची शुगर एकदम खाली गेली, शेजाऱ्यांनी त्यांना माजिवड्याजवळच्या हॉस्पिटलात नेलंय. तसाच सुटलो. दारात मेटल डिटेक्टर. सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहेब, हत्यार घेऊन आत सोडता येणार नाही." त्याचं बरोबरच होतं. तुमच्याकडे ठेवून घ्या म्हटलं, तर तशी सोय नाही. वडील आत, मी दारात. परत गाडीत गेलो, होल्स्टरसकट रिव्हॉल्वर ड्रायव्हर सीटखाली सारलं, वर पायपुसणं ओढलं आणि धावलो.

साडेतीन तासांनी बाहेर आलो. माझ्या शेजारी पांढरी सेदान होती, तिची मागची तिकोनी काच फोडलेली. सीटभर काचेचा चुरा, खडीसाखर सांडल्यासारखा. त्यांची लॅपटॉपची बॅग गेली. माझ्या गाडीला हातही लागला नव्हता. दोन गाड्यांत अंतर किती, तर दार उघडताना पोट आत घ्यावं लागेल एवढं. मी गुडघ्यावर बसून सीटखाली हात घातला. आधी पायपुसणं लागलं, मग होल्स्टरचं चामडं. तिथेच जमिनीवर बसून राहिलो थोडा वेळ.

वडील बरे आहेत. माझा प्रश्न असा: बँक, हॉस्पिटल, कोर्ट, मॉल, मंदिर, कुठेच हत्यार आत नेता येत नाही. अशा वेळी गाडीत ठेवायचं तर नेमकं कुठे आणि कसं? तुम्ही काय करता?

तुर्भे_गाळा_नंबर
सोमवार, रात्री ११:०५

सीटखाली, ग्लोव्ह बॉक्स, आर्मरेस्ट, स्टेपनीचा खड्डा. काच फोडणारा याच चार ठिकाणी आधी हात घालतो. ग्लोव्ह बॉक्सचं कुलूप म्हणजे प्लॅस्टिकची जीभ, स्क्रूड्रायव्हरने दोन सेकंदांत उघडते. मार्केटमध्ये वीस वर्षं काढली, हे डोळ्यांनी पाहिलंय.

मी गाडीत लोखंडी पेटी बसवून घेतलीय. सविस्तर उद्या लिहितो, आता मालाची गाडी रिकामी व्हायचीय.

खारेगावचा_राजा
सोमवार, रात्री ११:१२

चोर पळून पळून जाणार कुठे? संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकला लागला की कासारवडवलीपर्यंत पोलीस चालत जाऊन पकडतील. :)

तुर्भे_गाळा_नंबर
सोमवार, रात्री ११:१५

राजे, चोर बाइकवर असतात.

नेरुळची_नीता
मंगळवार, सकाळी ७:५०

पंपवाले दादा, वडील बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. माझं मत कडक आहे, राग मानू नका. चोरीचं नंतर बघू. गाडीत चोराच्या आधी हात कोणाचे फिरतात? मुलांचे.

तीन वर्षांपूर्वी बदलापूरला लग्नाला गेलो होतो. नात्यातल्या एकांची मोठी गाडी, आम्ही सात जण दाटीवाटीने. माझ्या भाच्याचा बॉल सीटखाली गेला. सात वर्षांचं पोर, पुढे वाकलं, आणि बॉलऐवजी काळी चेनची पिशवी घेऊन वर आलं. "मावशी, ही जड का आहे?" चेन अर्धी उघडलेली होती. मी ती पिशवी त्याच्या हातातून कशी घेतली मला आठवत नाही. ज्यांची होती ते गृहस्थ पुढून म्हणाले, "अगं, लॉक असतं." रिव्हॉल्वरला लॉक असतं की नाही मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर विचारून घेतलं. साध्या रिव्हॉल्वरला पिस्तुलासारखा बाहेरून लावायचा सेफ्टी खटका बहुधा नसतोच. चाप जोरात ओढला की गोळी सुटते.

तेव्हापासून कोणाच्याही गाडीत मुलांना बसवण्याआधी मी तोंडावर विचारते. लोकांना विचित्र वाटतं, वाटू दे.

शीळफाट्याचा_पंपवाला
मंगळवार, सकाळी ८:३०

ताई, राग कसला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, रोज त्याच गाडीतून क्लासला जाते. तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण चहाचा कप ठेवताना आवाज झाला.

सुभेदार_काका_ऐरोली
मंगळवार, सकाळी ९:२०

अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. आता ऐरोलीला असतो. माझ्याकडेही परवाना आहे. फौजेत हत्यार ठेवायची एकच जागा, ती म्हणजे कोत, युनिटचं शस्त्रागार. सही करून घ्यायचं, सही करून परत द्यायचं. प्रवासात रायफल साखळीने स्वतःला बांधून झोपलोय आम्ही. जवानाकडून हत्यार हरवलं तर अख्खी युनिट रात्रभर उभी राहते, सापडेपर्यंत कोणी जेवत नाही. नागरी जीवनात आलो आणि पाहिलं, लोक रिव्हॉल्वर छत्रीसारखं गाडीत विसरतात.

पंपवाले, तुम्ही विचारलंत गाडीत कुठे ठेवायचं. माझं उत्तर आधी वेगळ्या ठिकाणी सुरू होतं. त्या दिवशी कॅश भरून झाली होती, म्हणजे हत्याराचं काम संपलं होतं. फोन आला नसता तर तुम्ही कुठे गेला असतात? पंपावर? बाजारात? की सरळ घरी? कॅशचं काम झालं की हत्यार आधी घरच्या तिजोरीत, मग बाकीची कामं, असा नेम असेल तर सीटखाली सारायची वेळ वर्षातून एखाद्या वेळी येईल. नेम नसेल तर आठवड्यातून दोनदा येईल. अडचणीची वेळ कमी करणं पहिलं. पेटी दुसरी.

आता ती एखादी वेळ आलीच, तर:

पार्किंगमध्ये पोचल्यावर कंबरेचं हत्यार काढायचं नाही. चोर काच फोडायच्या आधी बराच वेळ बघत असतो. तुम्ही वाकलात, शर्ट वर केलात, पेटी उघडलीत, की त्याला सगळं कळलं. जे काय ठेवायचं ते निघतानाच ठेवा. रस्त्यात फोन आला तर दुसऱ्याच ठिकाणी दोन मिनिटं थांबा, तिथे ठेवा, मग पुढे जा.

काडतुसं वेगळी. हत्यार पेटीत, गोळ्या खिशात. हत्यार गेलंच तर निदान त्याच रात्री ते कोणावर चालणार नाही.

आणि गाडीच्या सीटवर बसून, स्टिअरिंगखाली हात घालून, घाईत रिव्हॉल्वरचं सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं चक्र, रिकामं करायचं नाही. घाईतच गोळी सुटते. नळी कुठे बघतेय याचं भान गाडीत राहत नाही, खाली स्वतःची मांडी असते.

तुर्भे_गाळा_नंबर
मंगळवार, दुपारी २:१०

काकांशी बाकी सगळं सहमत, गोळ्या वेगळ्या ठेवायचं पटत नाही. पहाटे साडेतीनला कांदा-बटाट्याच्या गाळ्यावरून निघतो तेव्हा गोळ्या खिशात चाचपडत बसलो तर हत्यार कशाला बाळगायचं?

सुभेदार_काका_ऐरोली
मंगळवार, दुपारी २:२५

अंगावर असताना भरलेलं ठेवा, तो तुमचा निर्णय. मी गाडीत सोडून जाण्याबद्दल बोलतोय. तुम्ही गाडीत नाही, तर ते कोणाचं रक्षण करतंय?

तुर्भे_गाळा_नंबर
मंगळवार, दुपारी २:३१

हे पटलं काका.

वकिलीण_नौपाडा
मंगळवार, सायंकाळी ६:४५

कायद्याची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

२०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी हत्यार नेण्याबद्दल स्पष्ट लिहिलंय. ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रभावी ताबा हवा. आता विचार करा. गाडी बेसमेंटमध्ये, तुम्ही चौथ्या मजल्यावर. ताबा कुठे राहिला? कुलूपबंद पेटीत होतं, असं निदान सांगता येतं. पायपुसण्याखाली होतं, असं सांगून कोणापुढे उभं राहणार? परवाना घेताना हत्यार सुरक्षित ठेवीन असं हमीपत्रही आपणच दिलेलं असतं.

परवान्याची अट मोडली तर शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा बघून कोणी निर्धास्त होऊ नये. कलम १७ खाली परवानाच निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि त्या हत्याराने पुढे गुन्हा घडला की नंबरवरून पहिलं दार तुमचंच वाजतं.

आणखी एक. "ड्रायव्हरकडे देऊन जातो" असं बरेच अशील मला सहज सांगतात. ड्रायव्हरच्या नावावर परवाना नाही. तुमच्या समक्ष तो ते तुमच्यासाठी उचलून आणतो आणि तुम्ही तीन तास आत असताना ते त्याच्याकडे असतं, या दोन गोष्टी कायद्याला एकच वाटत नाहीत. ड्रायव्हरला गाडीपाशी थांबवा, जरूर. पण पेटी बंद आणि किल्ली तुमच्या खिशात.

कळव्याचा_दादूस
मंगळवार, रात्री ९:००

वकीलताई, आमच्याकडे हळदीला हवेत बार काढतात त्याचं काय? मागे एका हळदीत एकाने डिकीतून बंदूक काढली आणि डीजेच्या तालावर दोन बार उडवले. पोरं टाळ्या वाजवत होती. मला तर धस्स झालं.

वकिलीण_नौपाडा
मंगळवार, रात्री ९:२०

धस्स व्हायलाच हवं, वर गेलेली गोळी खाली येतेच. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. हळदीच्या मांडवाबाहेर लावलेल्या गाडीच्या डिकीत बंदूक आहे हे डीजेवाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं, हेही लक्षात घ्या. तुमचा किस्सा धाग्याच्या विषयातलाच आहे.

डेन्व्हरहून_विनय
बुधवार, पहाटे ४:३०

मूळचा चरईतला, आता बारा वर्षं कोलोरॅडोत. तुमचा विषय इथला रोजचा आहे म्हणून लिहितो.

अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा फार मोठा वाटा घरातून नाही, गाड्यांतून जातो. बऱ्याचदा गाडीला कुलूपही नसतं. ज्या ठिकाणी आत बंदूक नेता येत नाही, म्हणजे स्टेडियम, कोर्ट, हॉस्पिटल, त्यांच्या पार्किंगवर चोरांचा डोळा असतो, कारण लोक तिथेच गाडीत सोडून जातात हे त्यांना ठाऊक आहे. पंपवाल्यांनी जी जागांची यादी दिली तीच. मागच्या काचेवर बंदूक कंपनीचं स्टिकर असलेली गाडी तर चोराला आमंत्रणच. आपल्याकडे बंपरवर काडतुसाचे स्टिकर लावणारे पाहिलेत, त्यांनी आज काढून टाकावेत.

आमच्या राज्यात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे. रिकाम्या गाडीत पिस्तूल ठेवायचं तर कडक पेटीत, पेटीला कुलूप, बाहेरून दिसणार नाही अशी, आणि गाडीही बंद. कॅलिफोर्नियात त्याआधीपासून असाच नियम आहे.

मी वापरतो ती छोटी स्टीलची पेटी, वायरच्या दोराने सीटच्या लोखंडी पायाला अडकवायची. प्रामाणिकपणे सांगतो, तो दोर मोठ्या कटरने तुटतो. तो फक्त झटपट उचलून नेणाऱ्याला थोपवतो. पेटीच बोल्टने गाडीला धरलेली असेल तर उत्तम. बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या स्वस्त पेट्या घेऊ नका. घामेजलेल्या हाताने उघडत नाहीत, आणि सेल उतरला की तुम्हीच बाहेर. साधी किल्ली बरी.

वागळे_इस्टेट_पत्रावाला
बुधवार, सकाळी ११:१५

माझं फॅब्रिकेशनचं काम. अशा पेट्या केल्यात, म्हणून चार गोष्टी.

पत्रा दोन एमएमच्या खाली नको, तीन असेल तर छान. झाकणाच्या बिजागऱ्या आतून, बाहेर पिन दिसली की छिन्नी लागते. झाकणाला कडेने अर्धा इंच घडी द्यायची, म्हणजे पहारीचं टोक फटीत शिरत नाही. कुलूप लिव्हरचं, लोंबणारं नको. आतून फेल्ट, नाहीतर हत्यार खडखडतं आणि गाडी सिग्नलला थांबली की शेजारच्याला ऐकू जातं.

बसवायची कुठे? पुढच्या सीटखाली, सीट धरणारे जे कंपनीचे बोल्ट असतात, त्यांच्यावरच पेटीचा पाया घ्यायचा. बोल्टची डोकी पेटीच्या आत यायला हवीत, म्हणजे पेटी उघडल्याशिवाय कोणी सोडवू शकत नाही. नवीन भोक पाडायचं नाही. सीटखालून एअरबॅगची आणि सीटबेल्टची वायर जाते, बऱ्याच गाड्यांत पिवळ्या कनेक्टरची. एकाने माझ्याकडे यायच्या आधी दुसरीकडे वेल्डिंग करून घेतलं होतं, कार्पेट जळलं आणि एअरबॅगचा दिवा कायमचा पेटला. गाडीच्या तळाला वेल्डिंग नको म्हणजे नको. पलीकडून पेट्रोलची नळी जाते.

एसयूव्ही आणि हॅचबॅकवाल्यांनो, तुमची डिकी म्हणजे डिकी नव्हे. मागची काच फोडली की हात थेट आत. सेदानची डिकी बरी, पण तिथेही डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की ती उघडते. आणि दुकानात काम सांगताना "कॅशची पेटी" एवढंच सांगा. कारागिराला बाकीचं कळायची गरज नाही. माझ्या पोरांनाही मी सांगत नाही.

तुर्भे_गाळा_नंबर
बुधवार, दुपारी १:००

मी लिहिणार होतो ते पत्रावाल्यांनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. एकच भर. पेटीची किल्ली गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात लावू नका. सर्व्हिसिंग, वॉशिंग, हॉटेलचा पार्किंगवाला, सगळ्यांना आपण अख्खा जुडगा देतो. माझी किल्ली गळ्यातल्या साखळीत असते, देवाच्या पदकाबरोबर. आणि सर्व्हिसिंगला गाडी देण्याआधी पेटी रिकामी, न चुकता.

दहा_मीटर
बुधवार, दुपारी ४:१०

थोडं अवांतर होतंय, पण विचारते. माझी मुलगी नवीन पनवेलला दहा मीटर एअर रायफलच्या सरावाला जाते. सुमा शिरूर मॅडमची ॲकॅडमी तिथे आहे म्हणून या भागात बऱ्याच मुली हा खेळ घेतात, आणि पॅरिसला स्वप्निल कुसाळेचं पदक आल्यापासून नवीन मुलांची रीघ लागलीय. सरावाहून येताना सीवूड्सला भाजी घ्यायला थांबते तेव्हा रायफलची पेटी गाडीतच असते. या रायफलला आम्हाला परवाना लागत नाही, पण महाग आहे, आणि लांबून बंदूकच दिसते. तुम्ही म्हणता ती काळजी मलाही घ्यायला हवी ना?

सुभेदार_काका_ऐरोली
बुधवार, दुपारी ४:४०

नक्कीच, ताई. परवाना लागत नाही म्हणून चोराच्या हातात ती खेळणं होत नाही. ती दाखवून दुकानदाराला लुटता येतं. समोरच्याला थोडंच कळतं आत छर्रा आहे की गोळी. आधी भाजी, मग सराव. नाहीतर आधी घर, मग भाजी.

एम_आय_डी_सी_इंजिनिअर
बुधवार, सायंकाळी ५:३०

@दहा_मीटर, चोरी सोडूनही एक कारण आहे. त्या रायफलच्या हवेच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब भरतात. उन्हात बंद गाडीत तापमान सहज ६० अंशांवर जातं. वीस अंशांना २०० बार भरलेलं सिलिंडर साठ अंशांना २२७ बारच्या आसपास जातं, साधं भौतिकशास्त्र आहे. सिलिंडरवर मुदत कोरलेली असते, बहुतेकांची बनवल्यापासून दहा वर्षं, ती एकदा बघून घ्या. जुन्या सिलिंडरला रोज असं भाजणं चांगलं नाही.

काडतुसांचंही तसंच. गाडीच्या उन्हाने ती आपोआप फुटत नाहीत, ती भीती नको. पण महिनोन् महिने तापत राहिली की आतली दारू खराब होते, आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी दगा देते. पावसाळ्यात उलट त्रास. आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडीत ओल असते आणि चामड्याचं होल्स्टर ती धरून ठेवतं. हत्यार होल्स्टरमध्येच पेटीत राहिलं तर आठवड्यात तांबूस ठिपके दिसतात. पेटीत सिलिका जेलची पुडी टाका, घरी आल्यावर हत्यार होल्स्टरबाहेर काढून पुसून तेलाचा हात फिरवा. म्हणजे परत तेच, हत्यार घरी न्या.

दहा_मीटर
बुधवार, सायंकाळी ५:५०

धन्यवाद दादा. सिलिंडर पाहिलं, २०१४ चं निघालं. सेकंडहँड रायफल घेतली तेव्हा कोणी सांगितलंच नाही. आजच कोचना फोन करते.

कॅशव्हॅन_सुपरवायझर
बुधवार, रात्री १०:१५

मी एका सिक्युरिटी एजन्सीत आहे, नाव लिहीत नाही. आमच्या गनमनकडे बहुतेक १२ बोअरची डबल बार. कॅशव्हॅनसाठी केंद्राचे २०१८ चे नियम आहेत. व्हॅनमध्ये दोन सशस्त्र रक्षक, आणि चहा, जेवण, लघवी, काहीही असलं तरी एक जण व्हॅनपाशी थांबलाच पाहिजे. कागदावर सगळं बरोबर आहे.

मी जे पाहिलं ते सांगतो. मे महिना, महापे, दुपारी दोन. रसाच्या गाड्यावर आमचे दोन्ही गनमन, बंदुका व्हॅनच्या पुढच्या सीटवर आडव्या, काच खाली, कारण एसी बंद. मी मागून बाइकने आलो, खिडकीतून हात घालून एक बंदूक उचलली आणि त्यांच्यामागे जाऊन उभा राहिलो. ग्लास संपेपर्यंत कोणी वळलं नाही. एक जण पन्नाशीचा, मुलीच्या लग्नासाठी डबल ड्यूटी करत होता. रडायलाच लागला. त्याची तक्रार केली नाही. पण त्या दिवसापासून रोज सकाळी रोलकॉलला सांगतो, बंदूक सीटवर ठेवलीत तर ती तुमची नाही, जो आधी हात घालेल त्याची.

पंपवाले साहेब, तुम्ही एकटे जाता हीच अडचण आहे. कॅशच्या दिवशी विश्वासातलं माणूस बरोबर ठेवा. ते गाडीत बसून राहील, पेटी बंद, किल्ली तुमच्याकडे, वकीलताई म्हणाल्या तसं.

खारेगावचा_राजा
बुधवार, रात्री १०:४०

आधी मस्करी केली होती ती मागे घेतो. हा धागा वाचून भावाला फोन केला. त्याच्या गाडीच्या आर्मरेस्टमध्ये होतं. आता कपाटात गेलं.

नेरुळची_नीता
गुरुवार, सकाळी ८:०५

राजे, हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद.

मुरबाडची_शेती
गुरुवार, दुपारी १२:२०

आमच्याकडे शेतीरक्षणाचा परवाना, आजोबांपासूनची १२ बोअर. रानडुक्कर भात लोळवतं म्हणून. ठाण्याला मुलाकडे चार दिवस यायचं म्हटलं की बंदूक घरी एकटी सोडता येत नाही, गाडीत आणता येत नाही. २०२४ ला लोकसभेच्या वेळी पोलीस ठाण्यात जमा केली होती, पावती मिळाली, निवडणूक झाल्यावर परत आणली. तसं एरवीही करता येतं का?

वकिलीण_नौपाडा
गुरुवार, दुपारी १:३०

काका, पोलीस ठाण्यात विचारून पाहा, किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवता येतं. पावतीवर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या स्वतः तपासून घ्या.

सगळ्यांसाठी अजून एक, चोरी झालीच तर. जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब कळवणं ही परवान्याचीच अट आहे. "आधी दोन दिवस शोधतो" असं करू नका. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. "हे वाशीच्या हद्दीतलं आहे, तिकडे जा" असं ऐकून परत फिरू नका. त्यासाठी हत्याराचा नंबर, परवान्याचा यूआयएन (ओळख क्रमांक) आणि काडतुसांचा हिशेब गाडीत नाही, घरी आणि फोनमध्ये ठेवा. गाडीतच परवान्याची मूळ प्रत ठेवणारे माझ्याकडे आलेत. चोराने दोन्ही नेलं.

शीळफाट्याचा_पंपवाला
रविवार, सकाळी १०:००

मंडळी, उशीर झाला. काय केलं ते सांगतो, कारण प्रश्न मीच विचारला होता.

शुक्रवारी पत्रावाल्यांकडे गेलो. तीन एमएमची पेटी, सीटच्या बोल्टवर, बोल्टची डोकी आत. पिवळा कनेक्टर त्यांनी मला टॉर्च मारून दाखवला. पेटी बसल्यावर मी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली, गाडी हलली पण पेटी नाही.

पण खरा बदल काकांनी सांगितला तो केला. कॅश सकाळी अकराला भरायची, तिथून थेट घरी, हत्यार तिजोरीत, मग पंपावर. पंधरा किलोमीटर जास्त पडतात. पहिल्या दिवशी जिवावर आलं, कापूरबावडीच्या सिग्नलला वाटलं की कशाला हा उपद्व्याप. आता तीन दिवस झाले. मॅनेजरचा भाऊ कॅशच्या वेळी बरोबर येतो. मुलगी क्लासला जाते तेव्हा पेटी रिकामी असते, आणि ती रिकामी आहे हे मी रोज उघडून बायकोला दाखवतो.

हॉस्पिटलमध्येही गेलो होतो. सिक्युरिटी सुपरवायझरला भेटलो, विनंती केली की परवानाधारकासाठी एखादा लॉकर ठेवता येईल का. वर बोलतो म्हणाले. बघू.

नेरुळची_नीता
रविवार, सकाळी १०:२०

दादा, बाबा कसे आहेत?

शीळफाट्याचा_पंपवाला
रविवार, सकाळी १०:३५

घरी आलेत. खिशात खडीसाखर ठेवायला सांगितलीय डॉक्टरांनी, ती ते नातीबरोबर वाटून खातात.

सुभेदार_काका_ऐरोली
रविवार, सकाळी ११:१०

छान. पेटीची दुसरी किल्ली कुठे आहे?

शीळफाट्याचा_पंपवाला
रविवार, सकाळी ११:१४

घरच्या तिजोरीत, काका. आत्ता उठून बघून आलो.